सबूरची पुडी

सुभान तडवी बोंडांची पिशवी घेऊन जळगावच्या प्रयोगशाळेत आला, त्या दिवशी डॉ. यामिनी वारकेच्या टेबलावर एकशे एकोणीस दिवसांपूर्वी कापलेली केळ्यांची फणी होती. अजून पोपटासारखी हिरवी. येणारे पाहुणे ती हातात घेत, नखाने दाबून बघत आणि मान डोलावत. दिल्लीहून आलेल्या एका सचिवांनी ती प्लास्टिकची तर नाही ना, म्हणून नाकाशीही नेली होती. वास काहीच नव्हता.

सुभानचाचाने फणीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने टेबलावरचे कागद हाताने बाजूला सारले आणि पिशवी उपडी केली. टणटणीत हिरवी कापसाची बोंडं लाकडावर खडखडत पसरली.

"बेटी, बघ बरं. काय झालं याले?"

"फुटली नाहीत अजून?"

"दिवाळी होऊन पंधरा दिस झाले. पहिली वेचणी व्हायले पाहिजे व्हती. तीन एकरात एक बोंड फुटलं असंल, तं शपथ."

त्याने कमरेचा विळा काढून एक बोंड चिरलं. आत कापूस होता, पण ओला, चिकटून गोळा झालेला, कडेने पिवळा पडत चाललेला. जन्मायचं राहून गेलेलं काहीतरी बघावं तसं दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

सुभानचाचाचं शेत वारक्यांच्या मळ्याला लागून होतं, बांधाला बांध. रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. लहानपणी यामिनीच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिला विहिरीत पोहायला शिकवलं ते यानेच. आयुष्यात तो तिच्याकडे काही मागायला आला नव्हता.

"चार दिवस द्या चाचा," ती म्हणाली. "तपासून सांगते."

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या चिरलेल्या बोंडाकडे पाहत राहिली. तिला शंका आली होती. शंका कसली, खात्रीच होती; पण खात्रीला शंका म्हणायची सवय संशोधनात अंगी लागते.

फळ पिकतं ते एका वायूमुळे. इथिलीन त्याचं नाव. केळं तयार झालं की ते स्वतःच हा वायू सोडू लागतं, आणि तो लागला की शेजारचं केळंही सोडू लागतं. आढीतला एक आंबा पिकला की सगळी आढी पिकते ती याच संसर्गाने. सावद्याच्या रायपनिंग चेंबरांत बंद खोलीत हाच वायू सोडतात आणि चार दिवसांत हिरवा माल पिवळा करतात. पण या वायूची कामं तेवढ्यावर संपत नाहीत. मिरची लाल होते, पान पिकून देठाशी सुटतं, कापसाचं बोंड उकलतं, या सगळ्याला त्याचाच इशारा लागतो.

यामिनीने या इशाऱ्याच्या वाटेवर पहारा बसवला होता. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात; खाणीवरचे लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. त्यांतल्या कित्येक गारगोट्या म्हणजे झिओलाइट. हा दगड आतून भरीव नसतो. अणूंच्या मापाच्या पिंजऱ्यांची ती एक अवाढव्य चाळ असते. एकेका पिंजऱ्यात जेमतेम पंचवीस-तीस अणू मावतील एवढीच जागा. यामिनीने प्रयोगशाळेत असाच दगड घडवला आणि त्याच्या पिंजऱ्यांत सोनं कोंडलं.

दागिन्यातलं सोनं आळशी. शंभर वर्षं पेटीत ठेवा, ना हवेशी बोलेल ना पाण्याशी. पण पंचवीस अणूंचा गोळा केला की त्याच सोन्याचा स्वभाव पालटतो. ते इथिलीनला आणि हवेतल्या ऑक्सिजनला जवळ आणून त्यांची गाठ मारून देतं. मागे उरते थोडी वाफ आणि थोडा कार्बन डायऑक्साइड. सोनं मात्र होतं तसंच, पुढच्या रेणूसाठी मोकळं. उत्प्रेरक म्हणतात तो हाच. पूर्वी असे गोळे एकमेकांना चिकटून मोठे होत आणि पुन्हा आळशी बनत. पिंजऱ्यात ते चिकटू शकेनात. "माझं सोनं म्हातारं होत नाही," असं यामिनी भाषणात म्हणायची, आणि त्या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या.

एका कंपनीने ही भुकटी कागदी पुडीत भरून बाजारात आणली. नाव ठेवलं 'सबूर'. खोक्यात एक पुडी टाकली की केळी महिना-महिना समुद्रावरून जात आणि उतरताना काल कापल्यासारखी दिसत. पुडी फोडू नये, असं तिच्यावर तीन भाषांत छापलेलं होतं.

ती फोडली यामिनीच्या धाकट्या भावाने.

ललित घरचा मळा बघायचा. हुशार, हरहुन्नरी, एका जागी न बसणारा. दीड वर्षापूर्वीच्या उन्हाळ्यात यामिनी घरी गेली होती, तेव्हा तो तिला हाताला धरून बागेत घेऊन गेला. घड कापणीला आलेले, पण कापलेले नव्हते.

"किती दिवस झाले असतील याला, सांग."

"आठवडाभर?"

"अडीच महिने!" तो टाळी वाजवून म्हणाला. "पुड्या फोडल्या, गुळाच्या पाण्यात कालवल्या आणि पंपाने घडांवर मारल्या. गुळाने चिकटतं. आता झाडच माझं गोदाम. भाव येईल तेव्हा कापेन. व्यापारी दारात बसून राहतो ताई, मी नाही."

"ती फोडायची नसते रे. आत धरून ठेवायला म्हणून तर कागद आहे."

"तुमच्या लॅबमधलं लॅबमध्ये. शेतात आमचं डोकं चालतं."

ती हसली होती. खरं सांगायचं तर तिला त्याचं कौतुकच वाटलं होतं. हे आपल्याला का सुचलं नाही, असंही क्षणभर मनात आलं. वर्षभरात ललितची फवारणी पंचक्रोशीत पसरली. लोक ट्रॅक्टर करून त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. तालुक्याने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. त्या फोटोत यामिनी त्याच्या शेजारी उभी होती.

चौथ्या दिवशी यंत्राने अहवाल दिला. सुभानचाचाच्या बोंडांच्या सालीत सोनं होतं. पानांच्या श्वासरंध्रांत, देठाच्या पेशींमधल्या फटींत अडकलेले तिचेच पिंजरे. बोंड वायू सोडत होतं आणि तो तिथल्या तिथे गिळला जात होता. झाड हाक मारत होतं. हाक कुठे पोचत नव्हती.

तिने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. हे सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, भुकटी आली कुठून. पहिलं नाव येणार ललितचं. आणि शेजारच्याचं पीक बुडवलं म्हणून त्याच पंचक्रोशीतले लोक त्याच्या दारात येतील. शिवाय एका शेताच्या एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे ती स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवत होती. आणखी एक हंगाम जाऊ द्यावा. आणखी नमुने घ्यावेत.

"चाचा," ती फोनवर म्हणाली, "रोग काही दिसत नाही. बियाणं खराब असेल."



"बियाणं तं रशीदच्या दुकानातलं हाय, बेटी."

रशीद त्याचा जावई. वर डोंगरात, मोरझिऱ्यात त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं.

"मग त्यालाच विचारून बघा," यामिनी म्हणाली आणि फोन ठेवला. त्या वाक्याकडे तिने फारसं लक्ष दिलं नव्हतं. विषय संपवायला माणूस काहीतरी बोलतो, तसं ते बोललं गेलं होतं.

होळीला ती घरी गेली, तेव्हा मोटारीतूनच तिला सातपुडा दिसला. हिरवा.

फाल्गुनात सागाचं जंगल उघडं पडतं. डोंगर तपकिरी होतो आणि मधूनमधून पळस पेटतो. त्या वर्षी सागाने पानं गाळलीच नव्हती. जळगाव-भुसावळचे लोक गाड्या काढून फोटो घ्यायला येत होते. भर उन्हाळ्यात हिरवा डोंगर! एका वर्तमानपत्राने त्याला निसर्गाची कृपा म्हटलं होतं.

यामिनी गाडी बाजूला घेऊन खाली उतरली. झाड पान गाळतं ते पाणी वाचवायला. ही लाखो झाडं आता वैशाखाच्या उन्हात पानापानांतून पाणी उडवत उभी राहणार होती, आणि खाली मुळांना द्यायला पाणी नव्हतं. एवढ्या वर कोणी फवारणी केली नव्हती. भुकटी वाऱ्याने गेली होती. पीठ कितीही बारीक दळलं तरी कुठेतरी बसतं. तिचे कण पिठाहून हजारपटींनी बारीक होते, आणि ते झिजत नव्हते, कुजत नव्हते, संपत नव्हते.

संध्याकाळी तिने ललितला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्याने एकच विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"कार्तिकात."

"आणि मला होळीला सांगतेस?"

"तुझं नाव आलं असतं रे. लोक तुझ्या दारात..."

"मी म्हटलं होतं का, माझ्यासाठी गप्प बस म्हणून?" तो उठून उभा राहिला. "कार्तिकापासून दोनदा मारलं मी, ताई. चाळीस गावांत जाऊन शिकवलं. थंडीभर! तू एक फोन केला असतास तर ती चाळीस गावं..." तो ओट्यावरून खाली उतरला. "मला वाचवत होतीस म्हणे. आता बघ, किती वाचलो."

यामिनीने दुसऱ्या दिवशी सरकारला अहवाल पाठवला. तो सविस्तर होता, प्रामाणिक होता, फक्त पहिल्या निरीक्षणाची तारीख तिने होळीची घातली. कार्तिकातल्या बोंडांचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता.

पुढे जे झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. वैशाखात साग उभ्या उभ्या वाळला, पानं अंगावर ठेवूनच. आषाढात तालुक्यातली मिरची लाल होईना. सावद्याच्या चेंबरांत दुप्पट, चौपट वायू सोडूनही केळी दगडासारखी राहिली, कारण सालीवरची भुकटी वायू येईल तसा खात होती. 'सबूर'वर बंदी आली, पण बंदी घालायची ती पुड्यांवर. मातीवर कशी घालणार? सरकारने तापीपासून डोंगराच्या माथ्यापर्यंतचा प्रदेश 'स्थगित क्षेत्र' म्हणून जाहीर केला. लोक त्याला हिरवा पट्टा म्हणू लागले. पट्ट्याच्या कडेला नाके बसले. बाहेर जाणाऱ्याने तिथे अंघोळ करायची, अंगावरचे कपडे, चपला तिथेच सोडायच्या आणि सरकारी करडे कपडे घालून पुढे जायचं. आत भाजी बाहेरून येई. गहू, ज्वारी होत होती, पण पिकणारं, उकलणारं, रंग बदलणारं काही होत नव्हतं.

उपाय शोधायला समिती नेमली गेली. यामिनी तिची सदस्य होती. उत्प्रेरक तिचा होता, तिच्याइतका तो कोणाला माहीत असणार? ती पट्ट्यातच, गावाबाहेरच्या शाळेत राहू लागली.

उत्प्रेरकालाही विष असतं. सोन्याचं विष म्हणजे गंधक. गंधक सोन्याच्या अंगाला घट्ट चिकटतं आणि त्याला कामाला हात मोकळा राहू देत नाही. यामिनीने गंधकाचं एक संयुग निवडलं, पाण्यातून मातीत देता येईल असं. पण कोणाच्या मातीत? गावसभेत कोणी वर बघेना. जे विष सोन्याला मारेल ते गांडुळांनाही सोडणार नव्हतं, हे तिने लपवलं नव्हतं.

"माझ्यापासून सुरू झालं," मागून ललित म्हणाला, "माझ्यावरच करून बघा." वर्षभरात तिच्यासमोर त्याने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही तिच्याकडे न पाहता.

सहा एकरांवर ते संयुग सोडलं. मळाभर सडक्या कांद्यासारखा दर्प पसरला. दुसऱ्या दिवशी गांडुळं वर येऊन मेली, इतकी की वाफे गुलाबी दिसत होते. विहिरीच्या पाण्याला म्हशी तोंड लावेनात. पण मातीचा नमुना घालून यंत्रात सोडलेलं इथिलीन टिकलं. एक दिवस, दहा दिवस, तीस दिवस. पस्तिसाव्या दिवशी बागेतल्या पपईवर देठाजवळ पिवळा ठिपका दिसला.

बातमी वाऱ्यासारखी गेली. माणसं बांधावर जमली. तीन दिवसांनी ललितने ती पपई कापली आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर बोटभर फोड ठेवली. म्हाताऱ्या बायका ती तोंडात धरून उभ्या राहिल्या. ललितने एक फोड यामिनीलाही दिली, आणि तिच्याकडे पाहून थोडासा हसला.

सातव्या आठवड्यात यंत्रातलं इथिलीन पुन्हा नाहीसं होऊ लागलं.

कारण शोधायला तिला एक दुपार पुरली. तिच्या संयुगाचे रेणू पिंजऱ्यांच्या दारांपेक्षा मोठे होते. ते आत गेलेच नव्हते. दारात बुचासारखे बसले होते. ऊन, पाऊस, हवा यांनी हळूहळू गंधक धुऊन नेलं आणि दारं मोकळी झाली. आत सोनं जसंच्या तसं होतं. त्या दारातून आत शिरेल एवढं लहान गंधकाचं संयुग एकच होतं, आणि तो वायू माणसाला काही श्वासांत मारतो. गावंच्या गावं त्याने भरून टाकायची, एवढाच उपाय शिल्लक होता, म्हणजे नव्हता. ज्या पिंजऱ्यामुळे तिचं सोनं म्हातारं होत नव्हतं, त्याच पिंजऱ्यामुळे ते मरतही नव्हतं.

ललितने तिचं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे विहीर गेली, आणि ते आहेच," तो म्हणाला. आठवड्याने तो बायकोला घेऊन इंदूरला निघाला. नाक्यावर त्याने कपडे दिले, चपला दिल्या, घड्याळाचा पट्टासुद्धा दिला. करड्या कपड्यांत तो तिला ओळखू येईना. ती तारेच्या अलीकडून बघत राहिली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतरच्या माघात सुभानचाचा शाळेत आला. बाहेर जायच्या परवान्यावर समितीच्या एका सदस्याची सही लागे. चाचा आता वाकला होता. त्याने कागद पुढे केला.

"मोरझिऱ्याले जायचं हाय. पोरीकडं, जुलेखाकडं."

"बरी आहे ना जुलेखा?"

"काय माहीत! सव्वादोन वरीस झाले, ती आली न्हाई. म्या बी गेलो न्हाई." तो खाली बसला. "तू सांगितलं ना मंग, बियाणं खराब म्हणून. म्या गेलो रशीदकडं. चार लोकांत बोललो त्याले. म्हनलं, सासऱ्याले सडकं बियाणं देतो, तं लोकाले काय देत असशील? लोकं भडकले. ज्याचं ज्याचं बोंड फुटलं न्हाई, तो तो गेला. पंचायत बसली. त्यानं कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"का बियाणं जुनं व्हतं. हात जोडले पोरानं. दुकान बंद केलं." चाचाने डोक्यावरची टोपी सारखी केली. "तो सोन्याचा रोग मागून आला. पर त्याच्या आधी त्यानं लबाडी केलीच ना? पर आता माझे किती दिस राहिले? म्हनलं, जाऊ द्या. माफ करून येतो त्याले."

यामिनीच्या हातातला पेन कागदावर टेकलेला होता. सही केली असती तर चाचा गेला असता, एका निर्दोष माणसाला माफ करून आला असता, आणि कदाचित जुलेखा बापाच्या घरी आलीही असती. सगळं एका सहीने निभलं असतं.

"चाचा," ती म्हणाली, "बियाणं चांगलं होतं."

चाचाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या पहिल्या बोंडांतच सोनं सापडलं होतं. मला चौथ्या दिवशी कळलं होतं. ललितचं नाव येईल म्हणून मी बियाण्यावर ढकललं. रशीदचा काही दोष नव्हता."

बाहेर शाळेच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याची नखं ऐकू येत होती. चाचा ओरडेल, असं तिला वाटलं. त्याने ओरडावं, अशी तिची इच्छा होती.

"पंचायतीत त्यानं हात जोडले, तवा म्या समोर बसलो व्हतो," तो एवढंच म्हणाला. मग गुडघ्यावर हात देऊन उठला. "मंग तू बी चाल."

नाक्यावर दोघांनी अंघोळ केली, करडे कपडे चढवले. जीप डोंगर चढू लागली. दोन्ही बाजूंना वाळलेला साग उभा होता. माथा ओलांडल्यावर मात्र झाडं पुन्हा निष्पर्ण दिसू लागली, माघात असावीत तशी, आणि यामिनीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मोरझिऱ्यात रशीदचं घर गावाच्या टोकाला होतं. दुकानाच्या फळ्या बंद, त्यांवर कोळ्यांची जाळी. अंगणात एक जुनी बोर होती आणि तिच्या सावलीत रशीद दोर वळत बसला होता. सासऱ्याला पाहून तो उठला, बाज टाकली, पाणी आणायला आत सांगितलं. दारामागे बांगड्या वाजल्या. जुलेखा बाहेर आली नाही. पाण्याचे तांबे उंबऱ्यावर ठेवले गेले.

यामिनीने सगळं सांगितलं. काही न गाळता, तारखेसकट. बोलणं संपलं तरी रशीदचे हात दोरावर चालूच होते.

"मला आधी वाटायचं, बियाणं चांगलंच आहे," अखेर तो म्हणाला. "नव्या पिशव्या, माझ्या हाताने फोडलेल्या. पण गावोगावचे लोक यायला लागले. सगळेच म्हणायचे, खराब आहे. रोज ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं, असेल. कुठे ओल लागली असेल. माझंच चुकलं असेल. म्हणून कबूल केलं, ताई. खोटं नाही बोललो मी. मला खरंच तसं वाटायला लागलं होतं."

चाचाने बाजेवर बसल्या बसल्या जावयाचे पाय धरायला हात पुढे केला. रशीद झटकन मागे सरला. "असं नका करू," तो म्हणाला, आणि त्याने तो हात धरून परत बाजेवर ठेवला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "हे पंचायतीत येऊन सांगाल?"

"सांगेन."

"आज?"

"आत्ता."

रशीदने दोर खाली ठेवला. भिंतीशी काढलेल्या चपला त्याने पायात घातल्या, सदऱ्याची बटणं लावली. दाराआडून जुलेखा थोडी पुढे आली. तिचा अर्धा चेहरा दिसू लागला. यामिनी बाजेवरून उठली, आणि उठताना तिचं डोकं बोरीच्या फांदीला लागलं. दोन-तीन बोरं तिच्या खांद्यावरून खाली पडली. तिने एक उचललं. टणक, हिरवं. तिने वर पाहिलं. झाड लगडलेलं होतं आणि सगळं हिरवं होतं.

"ही कधी पिकतात?" तिने विचारलं.

"संक्रांतीच्या आधी. यंदा उशीर झाला जरा."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी थोडीफार पिकली होती. बरीचशी तशीच गळली."

यामिनी झाडाच्या बुंध्याकडे बघत होती. तिथली माती थोडी उंच होती, कोणीतरी ढीग पसरवल्यासारखी. "इथे काही टाकलं होतं का?"

"ते बियाणं," रशीद म्हणाला. "लोकांनी आपापल्या घरी उरलेलं परत आणून इथेच ओतलं. दारात. सात-आठ पोती असतील. खालून तुमच्याकडून आलेली, तिथल्या धुळीने माखलेली." बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्या हातातल्या बोराकडे गेलं आणि तो थांबला. तो वेडा नव्हता.

"या गावात आलंय ते?"

"तपासावं लागेल," ती म्हणाली, आणि मग लगेच, "हो. आलंय."

"पंचायतीत हेही सांगणार?"

"सांगावं लागेल. आजच. उद्यावर टाकता येणार नाही."

रशीदने मान हलवली. त्याला पटलं होतं. तो अंगणाच्या मधोमध आला.

"मग लोक विचारतील, कुठून आलं. तुम्ही सांगाल, बियाण्याबरोबर. कोणाच्या दारातून पसरलं? तर माझ्या." तो अगदी शांतपणे, दुकानात गिऱ्हाइकाला समजावावं तसं बोलत होता. "दोन्ही खरंच आहे ना, ताई?"

यामिनीने हातातलं बोर बाजेवर ठेवलं.

रशीदने चपला काढून पुन्हा भिंतीशी लावून ठेवल्या आणि खाली बसून दोर हातात घेतला. "तुम्ही जा," तो म्हणाला. "सांगायचं ते सांगा. मी येत नाही."

दारातला अर्धा चेहरा आत गेला. पंचायतीची वाट कोणती, हे यामिनीला सुभानचाचाला विचारावं लागलं. त्याने बाजेवरूनच हाताने दाखवली; तो बरोबर आला नाही.